भीमाच्या रांजणातला धातू

भामाबाई टाकारणीला माणसांविषयी बरं बोलायची सवय नव्हती. दगडांविषयी होती. कुणाच्या ओसरीवर जात्याला टाकी लावायला बसली, की आधी ती खालच्या तळीवर हातोडीचा हलका ठोका देई, कान तिरका करून ऐके आणि घरच्या बाईकडं न बघताच म्हणे, "खणखणीत हाय. सासूच्या येळचं दिसतंय. तुमी पारखून आणलं असतं तर असं न्हवतं मिळायचं." बाईचा चेहरा उतरे, पण भामाबाईला उठवून लावायची छाती कुणाची होत नसे. दळून दळून जातं गुळगुळीत झालं, की जोंधळा नुसता भरडून पडतो, पीठ म्हणून निघत नाही. मग छिन्नीनं त्याला नव्यानं बारीक खाचा पाडाव्या लागतात. मलकापूरपासून उंब्रजपर्यंत हे काम करणारे पाच-सहा जण होते, पण भामाबाईचा हात लागलेलं जातं वर्षभर कुरकुरत नसे.

दगड भरीव आहे, की पोटात चीर गेली आहे, की आत कुठं पोकळी आहे, हे ती ठोक्यावर सांगे. विहिरीला खडक लागला, की सुरुंग लावणारा केरबासुद्धा पहार बाजूला ठेवून तिला बोलावून आणी. दगडाच्या बाबतीत ती जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. माणसांना असं ठोकून बघायची सोय नाही, याचं तिला खरोखर वाईट वाटे. तशी सोय असती तर आगाशिवाच्या डोंगरापायथ्याची तिची निम्मी वाडी भदभद वाजली असती, आणि सगळ्यात आधी भाऊसो वाजले असते.

भाऊसो हे वाडीचे पोलीस पाटील. उसाचा मळा होता, गुऱ्हाळ होतं. सख्खा भाऊ पलटणीत होता. स्वतः भाऊसोही भरतीला गेले होते, पण तळवे सपाट निघाले म्हणून दारातून परत आले. मिशा मात्र सुभेदाराच्या ठेवल्या. त्यांच्या हातातली मोठी सत्ता म्हणजे हजेरीची वही. टाकारी म्हणजे चोर, असं गोऱ्या सरकारनं कुठंतरी कायद्यात लिहून ठेवलं होतं. दर सोमवारी सकाळी टाकाऱ्यांनी चावडीपुढं उकिडवं बसायचं, भाऊसोंनी नावं पुकारायची आणि ज्यानं त्यानं हाजर म्हणायचं. प्रतिसरकारची पोरं वाडीत आल्याची कुणकुण लागली, की ही वही जोंधळ्याच्या कणगीत दडे आणि भाऊसो तिच्या शेजारीच; पोरं गेली, की सोमवारी दोघंही बाहेर येत. स्वराज्य आलं तशी दोघंही कायमची बाहेर आली. भाऊसोंनी टोपी बदलली, वही तीच ठेवली.

त्या वहीत भामाबाईच्या घरची तीन नावं होती. नवरा तात्याबा दगडाची भुकटी छातीत जाऊन खोकत खोकत गेला, त्याचं नाव दोन वर्षांनी कमी झालं. उरली ती स्वतः आणि ज्ञानू. हा तिचा एकुलता एक मुलगा बेचाळीस साली पायोनियर पलटणीत गेला. रस्ते करायचे, दगड फोडायचे, पूल बांधायचे, असली ती पलटण. खडक फोडायला टाकाऱ्याचं पोर सरकारला चाललं. हजेरीत मात्र त्याचं नाव तसंच राहिलं, कारण वरून कागद आल्याशिवाय नाव कमी करता येत नाही, असं भाऊसोंचं म्हणणं. दर सोमवारी ते पुकारायचे, "ज्ञानू तात्याबा टाकारी." भामाबाई म्हणायची, "लढाईवर हाय." भाऊसो लिहायचे, गैरहजर. त्यांचा भाऊ त्याच लढाईवर होता, तो वाडीचं भूषण होता. ज्ञानू गैरहजर होता.

ज्ञानूची ब्रह्मदेशातून चार पत्रं आली. टपालवाला ती वाचून दाखवायचा आणि मधेमधे स्वतःचं शहाणपण घालायचा, म्हणून भामाबाई त्याला प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लावायची. तिसऱ्या पत्रात ज्ञानूनं लिहवून घेतलं होतं, "आई, आपल्या डोंगरात भीमाचा रांजण हाय, तसलं रांजण हितं गावोगावी हायत. काई तर घराएवढं मोठं, वरनं सोन्यानं मढवल्यालं. लोकं म्हंत्यात, आत एका थोर साधूचा दात हाय, कुठं हाड हाय. दात केवढा अन् त्याला घर केवढं. आमच्या पलटणीतली पोरं हासली. मी न्हाई हासलो."

पंचेचाळीसमध्ये एक पुडकं आलं. आत एक पट्टा, एक चमचा आणि टोपीवरचा पितळी बिल्ला होता. सोबतच्या कागदात शौर्य, कर्तव्य वगैरे शब्द होते. भामाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि टपालवाल्याला विचारलं, "हाडं कुठं हायत?"

"आगं, सरकारनं तिकडंच माती दिली आसंल."

"आसंल?" ती म्हणाली. "म्हंजे तुमच्या सरकारलाबी ठाव न्हाई."

त्या सोमवारी तिनं चावडीपुढं सांगितलं, "ज्ञानू मेला." भाऊसोंनी क्षणभर मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाईट झालं. पर नाव कमी करायचा कागद वरनं यायला पायजे." आणि लिहिलं, गैरहजर. त्यानंतर चार वर्षं दर सोमवारी ते मेलेल्या पोराचं नाव पुकारत राहिले. एखाद्याला वाटेल, हा माणूस दुष्ट होता. नव्हता. दुष्ट व्हायलासुद्धा थोडी बुद्धी लागते.

पट्टा भामाबाईनं कोनाड्यात ठेवला. चमच्यानं मीठ काढू लागली. बिल्ल्याचं काय करायचं ते मात्र तिला ज्ञानूच्या तिसऱ्या पत्रानं सांगितलं होतं.

वाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कड्यात, एक जुनं लेणं आहे. आत वटवाघळं, शेळ्यांच्या लेंड्या आणि मधोमध काळ्या दगडाचा एक गोल घुमट, माणसाच्या दीडपट उंच. वाडी त्याला भीमाचा रांजण म्हणायची. भीम पाणी पिऊन झाल्यावर पालथा घालून गेला म्हणे. भामाबाई आणि तात्याबा पावसाळ्यात दगड आणायला वर गेले, की तिथं आडोशाला बसत. रांजणाच्या माथ्यावर चार बोटं रुंद, वीतभर खोल असं एक भोक होतं. तात्याबा म्हणायचा, पूर्वी त्यात देवावर धरतात तसल्या छत्रीचा दांडा रोवलेला असणार. भामाबाईनं त्या भोकात ज्ञानूचा बिल्ला ठेवला. मग त्याच डोंगराचा तुकडा घडवून त्याची गुडदी, म्हणजे दगडाचं बूच, केलं, ते वरून ठोकून बसवलं, सांध्यात चुना आणि दगडाची भुकटी भरली, वरून टाकीनं माथा सारखा केला. दोन दिवस लागले. काम संपल्यावर तिनं बोट फिरवून पाहिलं. सांधा तिचा तिलाच सापडेना. ज्ञानूला घर मिळालं. भोवती वाडीतली सगळी गाढवं चरत असली, तरी त्यांच्यातल्या एकालाही ते कळणार नव्हतं, हे तिला जास्त बरं वाटलं.

एकोणपन्नासच्या माघात सांगलीचे हळबे मास्तर वाडीत आले.

हे मास्तर फार विद्वान होते. इतके, की बोलताना समोर कुणी आहे की नाही याची त्यांना गरज पडत नसे. खांद्याला शबनम पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि नाकावर रुमाल. लेणं त्यांनी उंबऱ्याच्या बाहेरून पाहिलं, कारण आत वटवाघळांची घाण येत होती. रांजणाला हात लावला नाही. मग खाली येऊन देवळाच्या पारावर उभं राहून वाडीला सांगितलं, "मंडळी, हा भीमाचा रांजण नव्हे. हा स्तूप आहे. बौद्ध स्तूप. आणि स्तूपाच्या गर्भात धातू ठेवलेला असतो."

पारावरची माणसं पुढं सरकली. कीर्तनालाही तिथं कुणी इतकं पुढं सरकत नसे.

"कसला धातू?" भाऊसोंनी विचारलं.

"अतिशय पवित्र," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "अमोल. त्याच्यासाठी राजे एकमेकांवर चालून गेले. बुद्धाच्या दोन शिष्यांचे धातू इंग्रजांनी विलायतेला नेले होते, ते आत्ता, गेल्याच महिन्यात, मोठ्या इतमामानं परत आले. सरकारनं मानवंदना दिली." आणि त्यांनी कात्रण हवेत हलवलं.

बौद्धांच्या बोलीत धातू म्हणजे थोरामोठ्याची अस्थी, हे सांगायला मास्तरांना एक श्वास पुरला असता. पण आपल्याला ठाऊक आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, असं समजायची विद्वानांना खोड असते, किंवा ते ठाऊक नसलेल्यांना माणसांत धरत नाहीत. वाडीनं ऐकलं ते धातू म्हणजे सोनं. तांब्यासाठी कोण राजा लढाई करतो? आणि विलायतेला तरी इंग्रज दुसरं काय नेणार?

भामाबाई पाराच्या कडेला बसून शालूबाईच्या जात्याला टाकी लावत होती. शालूबाई ही भाऊसोंची आई. भामाबाईनं मास्तरांचं सगळं बोलणं ऐकलं, भाऊसोंच्या मिशीला फुटलेला कंप पाहिला, आणि तिच्या हातातली छिन्नी थांबली. ज्ञानूचं पत्र तिला तोंडपाठ होतं. दात, हाड. हा सांगलीचा शहाणा धातू धातू काय करतोय? आणि हे गाढव त्याचा अर्थ काय लावतंय, हे तर तिला लगेच कळलं. मग तिच्या मनात आलं, की हे आता रांजण फोडणार. पहिला घाव माथ्यावर बसणार.

त्या दिवसापासून एकटीनं वर जावं आणि बिल्ला काढून आणावा, असं तिनं दहादा ठरवलं. पण ती गुडदी काढायची म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंतचं काम, आणि आता लेण्याकडं वाडीतली दोन-चार माणसं सारखी रेंगाळत होती. जो तो दुसऱ्यावर पाळत ठेवून. आपणच काम इतकं चांगलं का केलं, म्हणून ती स्वतःवर चिडली. भाऊसोंसारखं भोंगळ केलं असतं तर चिमटीनं निघालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी केरबा दारात आला. "भामामावशे, भाऊसोंनी बलवलंय. हत्यारं घिऊन चल. रांजूण ठोकून बघायचाय."

"तुला कान न्हाईत व्हय रं?"

"माजं कान सुरुंगानं गेल्यात," केरबा म्हणाला. खरं तेच होतं. त्याच्या पाठीवर सुरुंगाच्या दारूची पिशवी होती.

वर भाऊसो होते, त्यांचे दोन गडी होते, आणि हळबे मास्तरही होते. धातू निघाला तर तो कसला ते ओळखायला माणूस हवा म्हणून त्यांना मलकापुरातल्या मुक्कामावरून आणलं होतं. आयता मोठेपणा मिळतोय म्हणून ते आले होते. स्तूप फोडणार, हे त्यांना आत्ता कळत होतं. "अहो भाऊसाहेब, हे योग्य नाही, हा ऐतिहासिक ठेवा आहे," असं ते रुमालातून म्हणत होते. रुमालातून बोललेलं कोण ऐकतो?

भाऊसोंनी भामाबाईला जवळ बोलावलं. आवाज बारीक केला. "भामे, ठोकून सांग. पोकळ हाय का भरीव. खरं सांगितलंस तर वहीतनं तुजं नाव काढतो. तुजं अन् ज्ञानूचं, दोनीबी."

"कागद यायला लागतोय न्हवं?"

"मी हाय की."

चार वर्षं जे कागदाशिवाय होत नव्हतं, ते आता सोन्याच्या वासानं होत होतं. भामाबाईनं हातोडी उचलली. तिनं रांजणाभोवती फिरत ठोके दिले. पायथ्याला, कमरेला, खांद्याला. खण. खण. खण. दीड-दोन हजार वर्षांत त्या दगडात एक केसाएवढी चीर गेली नव्हती. ज्या कुणी तो घडवला, तो आपल्या जातीचा असणार, असं तिला वाटलं. आपल्या जातीचा म्हणजे टाकी धरणारा, बोलणारा नव्हे.

"भरीव हाय," ती म्हणाली. "आरपार. आवं, ह्यो रचल्याला न्हाई. डोंगूर कोरून आत ठिवल्याला हाय. खालचा दगूड ह्योच, भित्तीचा ह्योच, वरचा ह्योच. कुटं सांदा हाय का बघा. आत काय ठिवायचं म्हटलं तर आधी आत जायाला लागंल. कसं जायाचं?"

मास्तरांच्या नाकावरचा रुमाल खाली आला. ते पुढं झाले. रांजणाला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला आणि भिंतीकडं, छताकडं पाहिलं. "खरं आहे," ते पुटपुटले. "एकाश्म आहे. बांधीव नाहीच. यात गर्भ असणारच नाही. मी… माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"उंबऱ्यावरनं येत न्हाई," भामाबाई म्हणाली.

पण भाऊसोंचं समाधान झालं नाही. गरीब माणूस खरं बोलतो तेव्हा त्यात त्याचा काहीतरी फायदा असणार, एवढं गणित त्यांना पाठ होतं. ते केरबाला म्हणाले, "चड वर. माथ्यावर ठोक."

केरबा वर चढला. त्यानं पहारेचं बूड दोन-तीनदा आपटलं. खण. खण. मग मधोमध आपटलं आणि आवाज आला, ठप्प.

सुरुंगानं कान गेलेल्या केरबालाही तो ऐकू आला.

"घावलं," भाऊसो म्हणाले. त्यांच्या तोंडाला खरोखर पाणी सुटलं होतं. "टाकाऱ्याची जात. आमाला भरीव सांगून मागनं एकटीच काढणार हुती. केरबा, हितनंच भोक पाड अन् दारू भर. उडवून टाक."

आता गप्प बसली तर ज्ञानूचा बिल्ला चिंधड्या होऊन उडणार होता, आणि त्याच्याबरोबर हा रांजण. बोलली तर तो या माणसांच्या हातात पडणार होता. भामाबाईनं एकदा केरबाच्या पहारेकडं पाहिलं. "थांब रं," ती म्हणाली. "ती गुडदी मी बसवल्या."

सगळे हसले. भाऊसो सगळ्यात मोठ्यानं. "दोन हजार वरसांचा दगूड अन् तू बसवलास? सांदा दाव."

केरबानं वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "सांदा न्हाई, मावशे."

"न्हाईच दिसायचा," भामाबाई म्हणाली. "मी केलाय." चार वर्षांनी आपल्या कामाची वाहवा तिला अशी मिळत होती, की कुणी ते तिचं मानायला तयार नव्हतं. "उतर खाली. मीच काढून दावते. पर दारूला हात लावायचा न्हाई."

ती वर चढली. छिन्नी लावली. बाहेरून आतपर्यंत, जसं बसवलं होतं त्याच्या उलट्या वाटेनं, चुना आणि भुकटी कणाकणानं काढू लागली. खाली भाऊसो आणि गडी भाकऱ्या सोडून बसले. मास्तर भाकरीला नको म्हणाले. ते तिच्या हाताकडं बघत उभे राहिले. एकदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. त्यांच्यात झालेली ही पहिली सुधारणा.

ऊन लेण्याच्या दारातून आत आलं आणि पुन्हा बाहेर गेलं, तेव्हा कुठं गुडदी हलली. भामाबाईनं ती उचलून बाजूला ठेवली. आत हात घालायच्या आधी भाऊसो गड्याच्या खांद्यावर पाय देऊन वर आले होते. त्यांनी तिचा हात सारून आपला हात भोकात घातला आणि बिल्ला बाहेर काढला. हिरवट पडलेला होता. त्यांनी तो धोतरावर घासला, दातांनी चावून पाहिला. चेहऱ्यावरचं सोनं उतरलं.

"पितळ," ते म्हणाले. मग पहार भोकात घालून पाहिली. वीतभर खाली टण् करून थांबली. डोंगर लागला.

खाली उतरल्यावर भाऊसोंनी आपली लाज कुठं ठेवायची याचा थोडा विचार केला आणि नेहमीची जागा निवडली. "ह्यो पलटणीचा माल हाय. सरकारी. टाकाऱ्याकडं कुटनं आला? चोरीचा माल देवात दडवला. पंचनामा करून वर धाडतो."

"माज्या ज्ञानूचा हाय," भामाबाई वरूनच म्हणाली. "तुमच्या वहीत हाय न्हवं त्याचं नाव. गैरहजर."

मास्तरांनी भाऊसोंच्या हातातून बिल्ला घेतला. उजेडाकडं धरून त्यावरची अक्षरं वाचली. "पायोनियर," ते म्हणाले. "मुलगा… तिकडंच गेला का बाई?"

"व्हय. हाडं आली न्हाईत. ह्ये आलं."

मास्तरांनी बिल्ला मुठीत धरला. मग भाऊसोंकडं वळून, पारावरच्या आवाजात नव्हे, साध्या आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, धातू म्हणजे सोनं नव्हे. मेलेल्या माणसाचं मागं उरलेलं. हाड, दात, राख. ते स्तूपात ठेवतात. या लेण्यात धातू नव्हता. या बाईंनी ठेवला. पंचनामा करणार असाल, तर त्यावर मी साक्षीदार म्हणून सही करीन. सगळं लिहून देईन. सुरुंगाचंही."

लिहून देईन म्हटल्यावर भाऊसोंचा रंग उडाला. वहीवाल्याला दुसऱ्याच्या लेखणीचं भय फार असतं. "तसं न्हवं मास्तर," ते म्हणाले, "आमी आपलं चौकशीला." आणि गड्यांना घेऊन उतरायला लागले. मास्तरांनी बिल्ला वर भामाबाईला दिला. दोन्ही हातांनी दिला.

तिनं तो पदराला पुसला. मग मास्तरांना विचारलं, "त्या दिशी पारावर हाड म्हणायला तुमच्या तोंडाला काय झालं हुतं?"

मास्तरांनी रुमाल घडी घालून खिशात टाकला. सांगलीतले त्यांचे पाली भाषेचे दोन कोश इथं कामाचे नव्हते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुम्ही परत बसवाल तोवर मी इथं थांबलो तर चालेल?"

"थांबा," भामाबाई म्हणाली. "पर बोलू नगा."

ते थांबले. केरबाही थांबला, त्यानं तिला चुना कालवून दिला. भामाबाईनं बिल्ला आत ठेवला, गुडदी बसवली, सांधा भरला. अंधार पडायच्या आत तिघं डोंगर उतरले.

पुढच्या सोमवारी टाकारी नेहमीसारखे चावडीपुढं उकिडवे बसले. नावं भाऊसोंनी अर्थातच काढली नव्हती. धातू निघाला नाही, मग दिलेला शब्द कसला? कायदा उठणार, हजेरी बंद होणार, असं कराडात लोक बोलत होते. भाऊसोंच्या कानावरही आलं होतं, म्हणून त्या दिवशी त्यांचा आवाज जरा जास्तच चढलेला होता. "भामा तात्याबा टाकारी."

"हाजर."

भाऊसोंनी लिहिलं. बोट खालच्या ओळीवर गेलं आणि चार वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "ज्ञानू तात्याबा टाकारी."

भामाबाई उठून उभी राहिली. हजेरीला उभं राहायचं नसतं, तरी राहिली. तिनं वाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराकडं पाहिलं.

"हाजर," ती म्हणाली.

भाऊसोंनी मान वर केली. तिच्याकडं पाहिलं, तिच्या नजरेमागून डोंगराकडं पाहिलं. टाक दौतीत बुडवला. ज्ञानूच्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द होता, गैरहजर, त्यांच्याच हातचा. त्याच्यापुढं त्यांनी या खेपेला दुसरा लिहिला.